‘काय, आज सुट्टी वाटतं?’

‘मोठी माणसं तुम्ही, आमच्याकडे कशाला याल?’ यातला टोमणा कुणालाही कळतो. पण मनात टोमणा नसतानाही शब्द लागतात.

चाळीच्या गॅलरीत ‘काय, आज सुट्टी वाटतं?’ हा प्रश्न म्हणजे एरवी नुसता रामराम. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि लालबाग-परळमध्ये याच आपुलकीला काटे फुटले. विचारणारा सहज विचारी. ऐकणारा मान खाली घालून जिना उतरे. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अनेकांची ‘सुट्टी’ही संपली नाही.

शब्द तेच राहतात, ऐकणाऱ्याचे दिवस बदलतात. विचारण्याआधी समोरच्याचा चेहरा पाहावा. काही सुचले नाही, तर ‘या, चहा घ्या’ म्हणावे.