दोन्ही चाकं काढताना गाडी कशावर उभी आहे?

वाराणसीत दुर्गाघाट, ब्रह्माघाटाकडच्या गल्ल्यांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वडील फील्ड पोस्टिंगवर असले की अशा घराच्या चौकात बुलेट वर्ष-दोन वर्षं उभी राहते, टायरना भेगा पडतात. मग सुट्टीवर आलेला माणूस ठरवतो, दोन्ही चाकं एकदमच काढू आणि गल्लीच्या तोंडावरून ई-रिक्षात घालून टायरवाल्याकडे नेऊ. कॅडेट मुलगा पाने घेऊन हजर असतोच.

आमच्या घरीही असंच ठरलं होतं. मी तेव्हा सतरा वर्षांचा. डबल स्टँडवर गाडी, मागचं चाक काढून झालेलं. मी पुढचा ॲक्सल ओढला आणि गाडी नाकावर गेली. ती पुढे सरकताच स्टँड मिटला आणि 190 किलोच्या आसपासचं धूड तुळशीवृंदावनावर आडवं झालं. दादाने नुकताच फोर्कखालून हात काढला होता.

चूक पान्याची नव्हती. डबल स्टँडवर बहुतेक गाड्यांचं मागचं चाक उचललेलं असतं आणि पुढचं जमिनीला टेकलेलं, म्हणजे तिसरा पाय पुढच्या चाकाचा. तो आम्ही काढून घेतला. शिवाय डबल स्टँड मागे वळून मिटतो, त्यामुळे गाडी पुढे ढकलली गेली की तो सुटणारच.

म्हणून आधी आधार, मग पाना. जागा सपाट आणि कोरडी हवी. जुन्या चौकाला पाणी वाहून जावं म्हणून उतार असतो, तो बघून घ्या. दोन्ही ॲक्सलचे नट चाकं जमिनीवर असतानाच सैल करा, काढू नका. घट्ट नटाला लावलेला जोर स्टँडवरची गाडी पाडू शकतो. मग डबल स्टँड लावा आणि स्टँडचा पाय फ्रेमच्या पुढच्या नळीला दोरीने आवळून बांधा, म्हणजे तो मागे मिटणार नाही. इंजिनाच्या पुढच्या भागाखाली जॅक किंवा रुंद लाकडी ठोकळे द्या. भार फ्रेमच्या नळ्यांवर यावा. तिथे नळ्या नसतील तर इंजिनाच्या तळाखाली जाड फळी घाला. सायलेन्सर किंवा ऑइलच्या बोल्टवर भार नको. विटा तर नकोतच, त्या फुटतात. आता सीट धरून गाडी हलवून बघा. डुलली तर आधार पुन्हा लावा.

पुढचं चाक आधी काढायचं. गाडी मागे कलली तरी मागचं चाक टेकतं. नंतर मागचं काढलं की वजन पुढे, ठोकळ्यांवर येतं. लावताना उलट: मागचं आधी. एक जण काम करतो तेव्हा दुसऱ्याने गाडी धरायची, पण फोर्कखाली किंवा इंजिनाखाली हात घालायचा नाही. ज्या गाडीला डबल स्टँडच नाही, तिची दोन्ही चाकं घरी एकदम काढू नयेत. एक बदलून बसवा, मग दुसरं.

काढण्यापूर्वी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. स्पेसर उजवीकडचा की डावीकडचा, हे दोन तासांनी कुणालाच आठवत नाही. एबीएस असेल तर सेन्सर आधी सोडवा, वायर ताणू नका. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घाला आणि चाक बाहेर असताना लिव्हरला हात लावू नका. पॅड जवळ आले तर डिस्क परत आत जात नाही.

टायरवाल्याकडे नवा टायर नीट बघून घ्या. बाजूवर चार आकडे असतात: 2324 म्हणजे 2024 सालचा 23वा आठवडा. बाण असेल तर तो चाकाच्या फिरण्याच्या दिशेने हवा.

बसवताना सगळ्यात जपायची गोष्ट ड्रम ब्रेकची. ब्रेकची प्लेट स्वतः फिरू नये म्हणून पुढे ती फोर्कच्या खाचेत अडकते आणि मागे बहुधा एका पट्टीने बोल्टला बांधलेली असते. ती पट्टी लावायची राहिली, तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड ओढला जातो आणि चाक जॅम होऊ शकतं. कॉटर पिन असेल तिथे नवीच घाला. चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. चेन हाताने फिरवून बघा. इंजिन चालू ठेवून चेनला फडकं लावणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये जातात. नट किती आवळायचा ते गाडीच्या पुस्तिकेत बघा.

डिस्क ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. पहिल्या एक-दोन दाबांत तो पोकळ जाऊ शकतो, तेव्हा हे गाडी उभी असतानाच करायचं. पहिली फेरी वडिलांनी मारावी. गिअरच्या गाडीचं लायसन्स अठरानंतरच मिळतं. नवा टायर सुरुवातीला थोडा निसरडा असतो आणि आमच्या गल्लीतली दगडी फरशी त्याहून. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर हळू जावं आणि परत आल्यावर दोन्ही नट पुन्हा तपासावेत.