आठशे कोयते

बॅलार्ड इस्टेटच्या फूटपाथवर आई चपला काढून, दगडी पायरीला टेकून बसली आहे. साडेसात वाजलेत. ऑफिसं सुटून गेलीत आणि मुंबईत इतका रिकामा रस्ता असू शकतो, याचं मला नवल वाटतंय. तिला नाही. तिला नवल वाटतंय ते आम्ही इथं नुसतं बसलो आहोत याचं.

"आता काय करायचं?" ती चौथ्यांदा विचारते.

"काही नाही. बोट उद्या संध्याकाळी."

एक दिवस आधी निघायचा हट्ट तिचाच. बीडहून रात्रीची ट्रॅव्हल्स; घाटात अडकली तर अडकलीच. "बोट काय मुकादमाचा ट्रक हाय का, आपल्यासाठी थांबायला?" धाकट्या भावाने पुण्यातून गोव्याच्या क्रूझची दोन तिकिटं काढली आणि फोनवर सांगितलं, आदली रात्र निवांत घालव. ते तिला काही उमगलेलं नाही.

आमच्या पाटोदा तालुक्यात 'आदली रात्र' निवांत नसते. दिवाळी सरली की गावोगावच्या वेशीवर ट्रक लागतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. त्या रात्री आई पिठाचा डबा, पत्रे, स्टोव्ह, कोपीचे बांबू, पाय बांधलेल्या कोंबड्या असा अख्खा संसार एकावर एक रचायची. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, त्यामुळे माघार नाही. ट्रक तीनला म्हणून सांगायचे नि पाचला हलायचा. मला आजीकडे ठेवून ती निघायची; मी झोपेचं सोंग घेऊन पडलेलो असायचो. सलग एकोणीस हंगाम.

समोर बंदराची भिंत. पलीकडे कुठंतरी पाणी आहे, पण दिसत नाही. नुसते क्रेनचे लाल दिवे. मी मास्तरकीवर येतो. सांगतो, ही जागा आधी समुद्रच होती. पलीकडची गोदी खणताना निघालेला भराव इथं टाकला आणि त्यावर १९१४ ते १९१८ च्या सुमारास हा सगळा भाग उभा राहिला. इमारतींचं रूप ठरवणारा जॉर्ज विटेट. दुपारी पाहिलेला गेटवेही त्याचाच.

"म्हंजी हिरीची माती शेजारच्या रानात वढली," आई म्हणते. झालं. तीस शब्दांचं काम तिने सहा शब्दांत उरकलं.

"आणि बाबासाहेब १९३१ साली गोलमेज परिषदेला गेले ते मुंबईच्याच बंदरातून, 'मुलतान' नावाच्या बोटीनं."

आता ती सावरून बसते. भिंतीकडे जरा वेळ बघते. पायाखालच्या चपला उगाच जवळ ओढून घेते.

"आपली बोट कुठाय?"

"ती उद्या सकाळी येऊन लागंल. 'एम्प्रेस' नाव. १९९० साली बांधलेली, अकरा मजली. आठशेच्या आसपास खोल्या."

"एका खोलीत किती माणसं?"

"दोघं. कुठं तीन-चार."

"दोघं म्हंजी एक कोयता." ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयताच म्हणतात. ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागते. डाव्या तर्जनीवरची तिरपी खूण दिव्याच्या उजेडात चमकते. मोळी धरलेल्या हातावर स्वतःचाच कोयता लागलेला. "आठशे कोयते. बाराची टोळी धरली तर साठ-सत्तर टोळ्या. येवढ्यांचा मुकादम कोण?"

"कॅप्टन असतो."

"उचल किती दिली त्यानं?"

"त्यानं नाही दिली. उलट आपणच देऊन ठेवलीय."

आई तोंडाला पदर लावून इतकी हसते, की गेटवरचा पहारेकरी मान वळवून बघतो.

फोर्टात जेवायला जाऊ म्हणतो, तर ती लॉजकडेच वळते. खोलीत पलंगावर वर्तमानपत्र अंथरून गाठोडं सोडते. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, वर दोन कांदे. मी खालून वरण मागवतो. पोऱ्या वाटी ठेवताना भाकरीकडे बघत रेंगाळतो. "कुठला रं तू?" आई विचारते. तो जालन्याकडचा निघतो. अर्धी भाकर ठेच्यासकट त्याच्या हातात जाते. तो दारातच उभ्याने खातो नि मालकाची हाक आली की तोंड पुसत पळतो.

जेवण झाल्यावर ती पिशवी आवरायला घेते, पण आवरण्यासारखं आहे काय? तीन लुगडी, गोळ्यांची पट्टी, आधार कार्ड. पाच मिनिटांत संपतं. मग सगळं बाहेर काढून पुन्हा भरते.

मध्यरात्री कधीतरी मला जाग येते. खिडकी उघडी आहे, दमट वारा आत येतोय. आई खुर्चीत बसलीय, पदर डोक्यावरून, पिशवी पायाशी, तोंड बांधलेलं. मोबाईलमध्ये तीन वाजून वीस मिनिटं.

"काय करायलीस?"

"आपसूक जाग आली. ट्रकची येळ."

दूर गोदीकडून एक लांब भोंगा येतो आणि थांबतो. ती कान देऊन ऐकते.

"आपलीच का?"

"माहीत नाही. झोप आता. आपल्याला दुपारी बाराला जायचंय."

"बाराला?" ती मनातल्या मनात हिशेब करते. "म्हंजी अजून लई येळ हाय."

पिशवीचं तोंड सोडते, आतलं एक लुगडं पांघरायला काढते आणि भिंतीकडे तोंड करून आडवी होते.