पळसाचं फूल, चोवीस तुकडे

सुट्टीत लेकरांच्या हातात मोबाइलशिवाय दुसरं काय द्यावं, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच. आमच्या गटानं फुलांच्या चित्रांची जोडकोडी करून पाहिली. जोडकोडं म्हणजे जिगसॉ, चित्राचे तुकडे पुन्हा जुळवायचे.

हा प्रकार जुना आहे. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी यांनी नकाशे लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, मुलांना भूगोल यावा म्हणून. आता चित्रांचीही कोडी मिळतात. व्हॅन गॉग यांनी १८८८ साली रंगवलेली सूर्यफुलं त्यात आहेत. त्यांच्या एका चित्रात पिवळ्या भिंतीपुढं पिवळीच फुलं आहेत. त्याचे तुकडे जुळवताना मोठ्यांचाही घाम निघेल!

आम्हीही तीच चूक केली. पैनगंगेकाठचा पळस काढला आणि मागं नुसतं निळं आभाळ. निळे तुकडे सगळे सारखेच, लेकरं कंटाळून उठली. म्हणून फुलामागची जागा मोकळी ठेवू नका. फांदी, साळुंकी, नदी, काहीतरी काढा.

दुसऱ्या चित्रात फुलांसोबत हिरवी पानंही आली. एकीच्या सासूबाई बाजूला बसल्या होत्या. त्यांना आता नातवंडांची नावं आठवत नाहीत. त्या म्हणाल्या, "पळस फुलतो तेव्हा पानं कुठं असतात गं?" खरंच, फुलतो तेव्हा झाड जवळजवळ निष्पर्ण असतं. आम्ही पानं खोडली. मग त्यांनीच काळपट मखमली बुडाचा तुकडा उचलला, त्याला पोपटाच्या चोचीसारखी केशरी पाकळी लावली, आणि होळीला फुलं उकळून रंग कसा करत ते नातीला सांगत बसल्या. आम्ही कात्री खाली ठेवून ऐकत राहिलो.

आता कृती. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. मैद्याची खळ पुठ्ठ्याला पातळ लावा. जलरंगाचं चित्र जास्त भिजलं तर रंग पसरतो. मागूनही साधा कागद चिकटवा, नाहीतर पुठ्ठा वाकतो. रात्रभर पाट्याखाली दाबा. लहानग्यांसाठी बारा तुकडे, मोठ्यांसाठी चोवीस. प्रत्येक कोड्याच्या तुकड्यांमागं वेगळी खूण करा, म्हणजे दोन कोडी मिसळणार नाहीत.

आणि कापण्याआधी चित्राचा फोटो काढून ठेवा. तुकडा हरवला की तेवढाच पुन्हा रंगवता येतो. आमचा साळुंकीचा पाय असाच दोनदा रंगवून झालाय.