भाऊबिजेची वही

दिवाळीच्या आधी तीन आठवडे पेढीवर एक यादी तयार होते. दलाल, हुंडेकरी, बँकेतील साहेब, करसल्लागार, जुनी गिऱ्हाईके आणि त्याच ओघात बहिणी, आत्या, व्याही. प्रत्येक नावापुढे डब्यांची संख्या लिहिली जाते आणि घाऊक भावाने मागणी जाते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. शंभर ठिकाणी पोहोचायचे तर एकसारखेपणा आलाच. पंचाईत होते ती बहीण आणि दलाल एकाच पानावर आल्यामुळे.

सोलापूर जिल्ह्यातील धान्याच्या एका जुन्या पेढीवर असेच झाले. वडिलांच्या पश्चात थोरला भाऊ कारभार पाहू लागला. कामाचा रगाडा इतका, की भाऊबिजेला बहिणीकडे जाणे एक वर्ष राहिले, मग दुसऱ्या वर्षीही. भेट मात्र न चुकता जाई, पेढीवरच्या मुलाच्या हाती. तिसऱ्या वर्षी बहिणीने डबा उघडला तेव्हा आत सोनेरी कडा असलेले छापील कार्ड निघाले : ‘आपल्या व्यावसायिक सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.’ तिने फोन केला नाही, रुसवाही कळवला नाही. कार्ड तेवढे देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात उभे करून ठेवले. त्या डब्यात काजू, पिस्ते आणि अंजीर होते, आणि तिच्या घरी कार्तिकी चौमासीपर्यंत सुका मेवा वर्ज्य! भावाला हे ठाऊक नव्हते असे नाही. यादीला ठाऊक नव्हते.

भाऊबिजेची जैन परंपरेतील कथा या प्रसंगापासून फार दूर नाही. आश्विन अमावास्येच्या रात्री पावापुरीस भगवान महावीरांचे निर्वाण झाले. थोरले बंधू नंदिवर्धन शोकाने इतके खचले, की त्यांनी अन्नपाणी सोडले. कार्तिक शुद्ध द्वितीयेला भगिनी सुदर्शनेने त्यांना आपल्या घरी नेले, समजूत घातली आणि जेवू घातले. आठवणीत राहिले ते हे जेवण. ते सुदर्शनेला दुसऱ्या कुणाच्या हाती धाडून देता आले नसते.

हाताने घडवून देणे हे आपल्या घरांना नवीनही नाही. सामायिकासाठीची मुहपत्ती घरोघरी शिवली जाई. तिचे माप एक वीत आणि चार अंगुळे, म्हणजे ज्याची त्याची वीत मोजल्याशिवाय कापड कापता येत नसे. आजीने नातवाच्या हाताचे माप घ्यायचे, दर दोन-चार वर्षांनी ते वाढलेले पाहायचे आणि पुन्हा नवी शिवायची. सुती नवकारवाळी, पोथीवरचा रुमाल, मण्यांचे तोरण, कापडाच्या दुकानातील नमुन्यांच्या तुकड्यांचे बाळाचे दुपटे, सगळे याच घराण्यातले. आणि ग्रंथांचे काय सांगावे? छपाई येण्यापूर्वी पोथी लिहवून घेऊन अर्पण करणे हे मोठे पुण्यकर्म मानले जाई. दहाव्या शतकात कर्नाटकातील अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या 1000 प्रती लिहवून वाटल्या. कारंजा येथील भांडारांतल्या पोथ्या आजही अशा हातांची साक्ष देतात. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी भाऊबिजेनंतर तिसऱ्याच दिवशी येते, हाही योग लक्षात घेण्याजोगा.

हातच्या वस्तूचा आणखी एक लाभ आहे, आणि तो भावनेचा नसून आचाराचा आहे. बाजारातील सुंदर वस्तूत काय काय मिसळले आहे हे देणाऱ्यालाच माहीत नसते. रेशमी बटव्यामागे उकळत्या पाण्यात गेलेले कोष असतात. शोभेच्या मेणबत्तीत मधमाश्यांचे मेण असू शकते, पुठ्ठ्याच्या पेटीत हाडांचा सरस. मिठाईवरचा वर्ख पूर्वी जनावरांच्या आतड्यांच्या पदरांत कुटला जाई. आता यंत्राचा मिळतो, पण डब्यावर ते लिहिलेले असेलच असे नाही. घरी सुती कापड घेतले, गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, की प्रश्नच मिटतो. बेसनाचे लाडू वळले तर केव्हा वळले तेही ठाऊक असते. पावसाळ्यात मिठाईचा काळ 15 दिवसांचा मानणाऱ्या घरी लाडू द्यायचे, तर झाकणावर हाताने लिहिलेली तिथी हा उपचार राहत नाही. ती घेणाऱ्याच्या नियमाची घेतलेली दखल असते. शिवाय वेळ नाही ही सबब पुरुषांनी फारशी पुढे करू नये. रात्री दुकान बंद झाल्यावर मोबाईलवर जाणारा तास कोणत्या खात्यावर पडतो, हे त्यांनीच पाहावे.

त्या थोरल्या भावाने ते कार्ड पाहिले पुढच्या उन्हाळ्यात, एका लग्नाचे आमंत्रण द्यायला बहिणीकडे गेला तेव्हा. तो काहीच बोलला नाही. चहा घेऊन परतला.

पेढीच्या माळ्यावर वडिलांच्या काळातील घरखर्चाच्या वह्या गठ्ठ्यांनी पडून होत्या. पावसाळ्यात दुपारी गिऱ्हाईक कमी असे; तेव्हा तो एकेक गठ्ठा खाली उतरवून वाचू लागला. वडिलांचे अक्षर बारीक, मोडीच्या वळणाचे. त्यातून त्याने बहिणीच्या नावाची प्रत्येक नोंद वेचली : परकराचे कापड, पहिल्या पाटीचे पैसे, गोवर आला तेव्हाची औषधे, शाळेची सहल, अकराव्या वर्षी केलेल्या अठ्ठाईच्या पारण्याचा खर्च, लग्नातील कुंकवापर्यंत. मग जाड कागद आणला. रेघा न आखता जुन्या पद्धतीने उभ्या घड्या पाडून रकाने केले, लाल कापडाचे पुठ्ठे चढवले आणि पांढऱ्या दोऱ्याने वही शिवली. पहिली बांधणी वाकडी झाली, ती उसवून पुन्हा घातली. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि गौतमस्वामींचे स्मरण. त्याखाली 22 वर्षांच्या नोंदी, तिथीवार, स्वतःच्या हाताने उतरवलेल्या.

भाऊबिजेला तो स्वतः गेला. बहिणीने वही उघडली आणि उभ्या उभ्याच वाचू लागली. गोवराच्या नोंदीपाशी ती खाली बसली. त्या नोंदीखाली वडिलांनी, वहीत कधी न लिहिणाऱ्या माणसाने, तीन शब्द लिहिले होते : ‘ताप उतरला. समाधान.’ भावाने तेही जसेच्या तसे उतरवले होते.

बराच वेळ गेला. मग ती शेवटच्या पानावर आली, बेरजेवरून बोट फिरवले आणि पेन्सिल मागितली. एकूण साडेतीन रुपयांनी चुकली होती. तिने आकडा दुरुस्त केला, वही देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवली, तिथले कार्ड काढून घेतले आणि पान वाढायला आत गेली.