डिलनने जुनी गाणी गुंडाळून ठेवली तेव्हा

१ नोव्हेंबर १९७९. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरच्या वॉरफिल्ड थिएटरात लोक बॉब डिलनला ऐकायला जमले होते. रंगमंचावर आधी आली ती रेजिना हॅविस ही कृष्णवर्णीय गायिका, आणि तिने गाण्याऐवजी गोष्ट सांगायला घेतली. एका म्हातारीचा मुलगा मरणाच्या दारात आहे. त्याला भेटायला तिला आगगाडीने जायचंय, पण तिकिटाला पैसे नाहीत. कंडक्टर तिला बसू देत नाही. म्हातारी प्रार्थना करते. गाडी सुटायची वेळ होते, पण काही केल्या जागची हलत नाही. शेवटी कंडक्टरच तिला हाक मारतो, ये बाई, तुझं तिकीट येशूने काढलंय.

मग रेजिना आणि तिच्या दोन साथीदारणी टेरी यंगच्या पियानोवर गॉस्पेल गायल्या. गॉस्पेल हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वाढलेलं भक्तिगायन. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची, टाळ्यांनी ताल धरायचा. रेजिनाचे वडील रेव्हरंड सॅम मॅकक्रेरी हे नॅशव्हिलच्या ‘फेअरफिल्ड फोर’ या नामांकित गॉस्पेल चमूतले, त्यामुळे ही तिच्या घरचीच विद्या. त्यानंतर डिलन आला आणि अख्खा कार्यक्रम फक्त येशूवरची नवी गाणी गायला. ‘ब्लोइन इन द विंड’ नाही, ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ नाही. जुनं एकही गाणं नाही.

काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, काही उठून गेले. तिथल्या ‘क्रॉनिकल’ या दैनिकात जोएल सेल्विन या समीक्षकाच्या लेखाला मथळाच असा दिला गेला, की हे गॉस्पेल भयंकर आहे. ‘एक्झामिनर’ या दुसऱ्या दैनिकाने डिलन आपटला असं छापलं. १६ नोव्हेंबरपर्यंत तिथे एकूण चौदा प्रयोग झाले, पण लोकांच्या डोक्यात राहिली ती ही पहिल्या रात्रीची बातमी. चाळीसेक वर्षं तीच पुन्हा पुन्हा सांगितली गेली. माझ्या मते ती अर्धीच खरी आहे.

मुळात हा माणूस इथवर आला कसा? रॉबर्ट झिमरमन या नावाने मिनेसोटातल्या ज्यू घरात जन्मलेला हा गायक. १९७८च्या लांबलचक दौऱ्याने तो थकला होता, लग्न मोडलं होतं. नोव्हेंबरमध्ये सॅन डिएगोच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतून कुणीतरी रंगमंचावर चांदीचा क्रूस फेकला. डिलनने तो उचलून खिशात टाकला. पुढे टूसॉनमधल्या हॉटेलच्या खोलीत येशू प्रत्यक्ष जवळ असल्याचा अनुभव आला, असं त्याने स्वतः सांगितलंय. १९७९च्या सुरुवातीला तो लॉस एंजेलिस परिसरातल्या ‘व्हिनयार्ड’ या नव्या चर्चमध्ये काही महिने बायबलच्या वर्गाला बसला.

त्यातून ‘स्लो ट्रेन कमिंग’ हा अल्बम झाला. अलाबामातल्या मसल शोल्सचा स्टुडिओ, गिटारवर मार्क नॉफ्लर, निर्माता जेरी वेक्सलर. हा वेक्सलर ज्यू आणि पक्का नास्तिक. डिलन त्याला धर्माचं सांगू लागला, तेव्हा ते बाजूला ठेवून अल्बम करू या, असं त्याने सरळ सुनावलं होतं. ऑगस्टमध्ये आलेली ही तबकडी अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि ‘गॉटा सर्व्ह समबडी’ला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं.

म्हणजे हीच गाणी लोक घरी आवडीने ऐकत होते. मग थिएटरात बिघडलं कुठे? एक कारण उघड आहे. ज्या गाण्यांबरोबर माणूस तरुण झाला, ती ऐकायला तो तिकीट काढतो, आणि ती एकाएकी नाकारली गेली की त्याला आपलं काहीतरी हिरावल्यासारखं वाटतं. यापेक्षा मोठं कारण म्हणजे गाण्यांच्या मधली प्रवचनं. आपल्याकडे कीर्तनाला जाणाऱ्याला बुवा निरूपण करणार हे ठाऊक असतं, त्याच तयारीने तो बसतो. रॉकच्या श्रोत्याला ती सवय नव्हती, आणि डिलनचा सूर तर दरडावणीचा होता. हॅल लिंडसेच्या ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’ या तेव्हा प्रचंड खपलेल्या पुस्तकाची त्याच्यावर छाप होती. युद्ध होणार, जगाचा अंत जवळ आलाय, असं तो बजावत होता. वॉरफिल्डचे प्रयोग सुरू असतानाच, ४ नोव्हेंबरला, तेहरानमध्ये अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली गेली, डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्या काळात त्याला आपलं भाकीत खरं ठरतंय असंच वाटलं असणार.

या दौऱ्यातल्या सर्वांत वाईट रात्री ॲरिझोनातल्या टेंपीच्या. विद्यापीठातले तरुण ‘रॉक अँड रोल’ म्हणून ओरडत होते. डिलन चिडला आणि त्याने त्यांना सुनावलं, की रॉकच हवं असेल तर ‘किस’ बँडकडे जा आणि थेट नरकाच्या खड्ड्यात उतरा. तिथे मी त्याची बाजू घेणार नाही. श्रद्धा सांगणं वेगळं आणि समोरच्याला पापी ठरवणं वेगळं.

पण त्याच्या काहीच दिवस आधी सँटा मोनिकाचे चार प्रयोग झाले. ‘वर्ल्ड व्हिजन’ या मदतसंस्थेसाठी ते होते. प्रेक्षकांत श्रद्धाळू ख्रिस्ती पुष्कळ, आणि प्रतिसाद भरघोस. सॅन फ्रान्सिस्कोतही पहिल्या रात्रीनंतर वातावरण निवळत गेलं. तिथल्या प्रयोगांच्या ध्वनिमुद्रणांत टाळ्यांचा कडकडाट स्पष्ट ऐकू येतो. पॉल विल्यम्स या समीक्षकाने चौदापैकी सात प्रयोग पाहिले आणि लगेच त्यावर छोटं पुस्तक लिहिलं. एक रात्र बघून निकाल देणाऱ्यांपेक्षा मला त्याचा शब्द मोलाचा वाटतो.

संगीताबद्दल तर वादच नको. ड्रमवर जिम केल्टनर, बासवर टिम ड्रमंड, ऑर्गनवर स्पूनर ओल्डहॅम, गिटारवर फ्रेड टॅकेट. यांच्यासारखी एकजीव साथ डिलनला क्वचितच लाभली. ‘व्हेन ही रिटर्न्स’ गाताना त्याचा आवाज चिरकतो, वर चढतो, एकेका शब्दाला धरून ओढतो. त्याने वर्षानुवर्षं पांघरलेला अलिप्तपणा इथे पार गळून पडतो. शब्दांवर विश्वास न ठेवताही तो आवाज ऐकणाऱ्याला हलवतो.

१९८०च्या नोव्हेंबरात तो वॉरफिल्डला परतला तो जुनी गाणी घेऊनच. गॉस्पेल आणि जुनी लोकप्रिय गाणी शेजारी शेजारी. १५ नोव्हेंबरला त्याने माइक ब्लूमफिल्डला रंगमंचावर बोलावलं. १९६५ साली ‘लाइक अ रोलिंग स्टोन’च्या मूळ ध्वनिमुद्रणात गिटार वाजवली ती यानेच. दोघांनी ते गाणं पुन्हा एकत्र वाजवलं. तीन महिन्यांनी ब्लूमफिल्ड वारला. १९८१ साली ‘शॉट ऑफ लव्ह’ आला, त्यातलं ‘एव्हरी ग्रेन ऑफ सँड’ हे डिलनच्या श्रेष्ठ गाण्यांत धरलं जातं, आणि ते या गॉस्पेल वर्षांशिवाय लिहिलं गेलं नसतं.

२०१७मध्ये या काळातली मैफिलींची ध्वनिमुद्रणं ‘ट्रबल नो मोअर’ या नावाने अधिकृतपणे निघाली. डिलन आवडत असेल आणि हा काळ आजवर ऐकीव बातमीवरून टाळला असेल, तर ती जरूर ऐका. सुरुवात ‘व्हेन ही रिटर्न्स’पासून करा.