ओळखायचं असेल तर खालून बघा

पावसाळ्यात सह्याद्रीत फिरताना वाळक्या खोडांना चिकटलेले अर्धगोल, चिवट थर दिसतातच. ही लाकूडखाऊ बुरशी. वरचा रंग बघून नाव सांगायला जाल तर हमखास फसाल, कारण ऊनपावसाने तो बदलतो. खरी ओळख खालच्या बाजूला असते. बीजाणू तिथूनच गळतात आणि त्यासाठीची रचना ज्याची त्याची वेगळी.

ट्रॅमेटीसच्या खाली चाळणीसारखी बारीक छिद्रं असतात; भिंग असलेलं बरं. हेक्सागोनियाची षटकोनी घरं मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसतात. स्टेरियम वरून ट्रॅमेटीससारखीच पट्टेदार, पण खालून चक्क गुळगुळीत. गॅनोडर्माच्या ताज्या, पांढऱ्या पोटावर नख ओढून पाहा, तपकिरी रेघ उमटते. शायझोफिलम सगळ्यांत मजेशीर: खालच्या पात्या उभ्या चिरलेल्या, कोरड्या हवेत त्या आत वळतात आणि सर आली की पुन्हा उघडतात.

छिद्रांची तोंडं जमिनीकडेच हवीत, नाहीतर बीजाणू आतच अडकतील. त्यामुळे झाड कोसळल्यावर उगवलेला थर आधीच्या थराशी काटकोन करतो. झाड उभं असताना बुरशी लागली की पडल्यावर, हे त्यावरून कळतं.

शेवटी लाकूड मोडून बघा. पांढरट, तंतुमय निघालं तर बुरशीने लाकडाला कडकपणा देणारं लिग्निनही खाल्लंय. तपकिरी होऊन चौकोनी तुकडे पडत असतील, तर सेल्युलोज फस्त करून लिग्निन तसंच सोडलंय.

खाण्यासाठी मात्र या खुणांवर विसंबू नका.