दाढीत पाणी मुरायला हवं

केमच्या कुंकवाच्या कारखान्यातून संध्याकाळी सुटलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. हाताचे तळवे लाल, कानाच्या पाळ्या लाल, आणि चार दिवसांची दाढी वाढलेली असेल तर तिच्या खुंटांतसुद्धा कुंकू बसलेलं. करमाळा तालुक्यातल्या या गावाचं नाव कुंकवामुळेच महाराष्ट्रभर पोचलं. असा माणूस न्हाव्यापुढे येऊन बसला की आधी पाण्याचं काम निघायचं. माझ्या लहानपणी आमच्या ओट्यावर आजोबांची दाढी करायला यायचे ते न्हावीकाका अशा चेहऱ्यावरून तीनदा पाणी फिरवायचे. वाटीतलं पहिलं पाणी लालभडक व्हायचं, दुसरं गुलाबी. तिसरं स्वच्छ राहिलं की मग धोकटीतून वस्तरा बाहेर निघायचा. साबण नसायचा, क्रीम तर कुणी पाहिलंही नव्हतं. तरी आजोबांच्या गालावर रक्ताचा थेंब पाहिल्याचं मला आठवत नाही.

आजोबांना घाई असायची. "आटप की रं लौकर," असं ते म्हणाले की काका वस्तरा खाली ठेवून पुन्हा वाटीत बोटं बुडवायचे. "थांबा की आण्णा, पाणी मुरू द्या. कोरडा केस वस्तरा खातोय."

हे एक वाक्य नीट समजलं तर बिनसाबणाची दाढी निम्मी जमली. पाणी लावणं आणि पाणी मुरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. शिपकारा मारून लगेच पातं फिरवणारा माणूस ओल्या कातडीवरचे कोरडे केस कापत असतो.

पाणी केसाला काय करतं ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. आंघोळीनंतर नखं कापून पाहा. आंघोळीआधी कटकन उडणारं नख आता मऊपणे सुटून येतं. नख आणि केस दोन्ही केराटिन नावाच्या एकाच जातीच्या प्रथिनाचे. या प्रथिनाच्या लांब साखळ्या एकमेकींना हायड्रोजनच्या असंख्य बारीक बंधांनी धरून असतात, म्हणून कोरडा केस ताठ राहतो. पाणी आत शिरलं की ते या बंधांच्या जागी स्वतः जाऊन बसतं, साखळ्यांची पकड ढिली होते आणि केस फुगतो. केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी पिऊ शकतो. लांबीत तो जेमतेम एक-दोन टक्के वाढतो, पण जाडी 14-15 टक्क्यांनी वाढते. असा केस कापायला कोरड्यापेक्षा कितीतरी कमी जोर लागतो. जोर कमी लागला की पातं कातडीत घुसण्याचा धोकाही उतरतो.

यासाठी दोन ते तीन मिनिटं लागतात. पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं. आडवा येतो तो चेहऱ्यावरचा तेलकटपणा. कातडीतून पाझरणारं तेल केसावर बसलेलं असतं आणि तेलावर पाणी ठरत नाही. म्हणून काका नुसतं पाणी शिंपडायचे नाहीत, चोळायचे. अंगठा आणि दोन बोटं केसांच्या उलट दिशेने, गालावरून कानाकडे, गळ्यावरून हनुवटीकडे. हनुवटीला आणि वरच्या ओठाला ते सर्वांत जास्त वेळ द्यायचे, कारण दाढीतले सर्वांत राठ केस तिथेच असतात. घरी करणाऱ्याला सोपा उपाय म्हणजे दाढी आंघोळीनंतर करणं. चेहरा धुतलेला असतो, तेल गेलेलं असतं, केस भिजलेले असतात. पण अर्धा तास भिजत बसू नका. कातडीही पाणी पिते आणि फार मऊ झाली की पात्यापुढे तिला सुरकुत्या पडतात.

मग साबण कशाला आला? साबणाचा फेस तीन कामं करतो. पाणी केसाजवळ धरून ठेवतो, पात्याखाली घसरण देतो, आणि कुठे पातं फिरलं, कुठे राहिलं ते दाखवतो. फेस नसेल तर ही तिन्ही कामं हातानं करावी लागतात. पाणी वाहून जातं आणि वाळतं, म्हणून पूर्ण चेहरा सुरुवातीला एकदाच ओला करून भागत नाही. दोन बोटं रुंदीचा पट्टा ओला करायचा, तेवढाच काढायचा, पुढचा पट्टा ओला करायचा. काकांचा उजवा हात वस्तऱ्यावर असायचा तेव्हा डावा हात पुढची जागा भिजवत असायचा. राहिलेलं केसांचं रान शोधायचं काम डोळ्यांऐवजी बोटांच्या टोकांकडे.

आमच्या भागात बिनसाबणाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. बोअरचं पाणी जड. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून पांढरट साका होतो, फेस मात्र धरत नाही. हा साका कातडीवर आणि पात्यावर चिकटतो. अशा पाण्याच्या अर्धवट फेसापेक्षा नुसतं पाणी बरं, हे माझं अनुभवाचं मत आहे. शिवाय साबणाच्या किंवा क्रीमच्या वासानं ज्यांच्या गालावर पुरळ उठतं त्यांना दुसरा मार्गही नसतो.

आता पात्याकडे. काकांचा वस्तरा पोलादी, घडीचा. पथरीवर धार काढताना धार पुढे आणि पाठ मागे असा तो ढकलायचा. चामड्याच्या पट्ट्यावर परजताना नेमकं उलट, पाठ पुढे आणि धार मागून ओढत. चुकून धार पुढे गेली तर पट्टाही चिरतो आणि धारही मरते. पट्ट्याच्या टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरून पालटायचा, धारेवरून कधीच नाही. शेवटचे दोन हात ते स्वतःच्या तळहातावर मारायचे. हे पाहायला सुंदर होतं, पण कुणी करू नये. पथरीवर धार नव्यानं घडते. पट्ट्यावर धारेची सूक्ष्म वळलेली कड सरळ होते. म्हणून पट्टा रोज, पथरी क्वचित.

"कोरडा केस वस्तरा खातो" हे मी कित्येक वर्षं बोलण्याची एक पद्धत समजत होतो. 2020 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले आणि 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ, तरी तो धारेचे कपचे पाडतो. पातं नुसतं झिजून गुळगुळीत होत नाही. केस पात्याखाली वाकतो, धारेवर तिरका ताण येतो आणि पोलादाच्या रचनेत जिथे कमजोरी असते तिथून बारीक ढलपा उडतो. काकांना सूक्ष्मदर्शक मिळाला नाही. पट्ट्यावर धार ओढताना लागणारी खरखर त्यांना कळत होती.

प्रत्यक्ष हात असा. कातडी डाव्या हातानं ताणायची, पात्याच्या मागच्या बाजूने, म्हणजे पातं खाली जात असेल तर कातडी वर ओढायची. पात्याचा गालाशी कोन साधारण 30 अंश. त्यापेक्षा पातं आडवं झालं तर केस कापला न जाता ओढला जातो आणि डोळ्यात पाणी येतं. उभं झालं तर कातडी खरवडते. हात छोटे, इंचभराचे. जोर शून्य, पात्याचं वजन तेवढंच. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पातं धारेच्या रेषेत आडवं सरकवायचं नाही. टोमॅटो दाबून चिरत नाही पण सुरी मागेपुढे ओढली की लगेच चिरतो. गालाचंही तसंच. दाढीतल्या बहुतेक जखमा जोरानं होत नाहीत, अशा आडव्या सरकण्यानं होतात.

केसांची दिशा आधी कोरड्या दाढीवर बोटं फिरवून ओळखावी. गालावर ती बहुधा खाली असते. गळ्यावर मात्र ती प्रत्येकाची निराळी, कुणाची आडवी, कुणाची वर, कुणाला भोवराच असतो. पहिला हात सुलटा. दुसरा हवाच असेल तर पुन्हा भिजवून आडवा. उलटा हात नुसत्या पाण्यावर मारू नये. त्यानं केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, वाढताना आत वळतो आणि तिथे पुटकुळी धरते. कुरळ्या केसांच्या माणसाला हा त्रास हमखास.

काढून झाल्यावर थंड पाणी, आणि तुरटी. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं दुहेरी सल्फेट. ओला खडा चेहऱ्यावर फिरवला की ती कातडी आकसवते आणि रक्तातली प्रथिनं गोठवून बारीक कापाचं तोंड बंद करते. मिनिटभर ठेवून धुवावी. जिथे झोंबली तिथे पात्याचा कोन चुकला होता असं समजावं.

या वस्तऱ्याचा एक दुसरा इतिहास आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. विधवांचं केशवपन याच हत्यारानं होत असे. 1890 साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक मंडळी एकत्र आली आणि हे काम यापुढे करणार नाही असं त्यांनी ठरवलं. बलुत्यावर जगणाऱ्या जातीनं हातातलं काम नाकारणं ही केवढी गोष्ट होती! ओट्यावर उकिडवे बसून वर्षाच्या ज्वारीच्या बदल्यात अख्ख्या गावाच्या दाढ्या करणाऱ्या माणसांचं कसब सांगताना हा निर्णयही सांगायला हवा.

त्या पद्धतीतली एक गोष्ट मात्र सोडून द्यायलाच हवी. एक वस्तरा, एक वाटी आणि एक तुरटी गावभर फिरायची. हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी आणि एचआयव्ही हे विषाणू रक्तावाटे जातात, आणि त्यासाठी डोळ्याला न दिसणारा कापही पुरतो. आज सलूनमध्ये वस्तऱ्याच्या आकाराच्या दांडीत ब्लेडचा अर्धा तुकडा घालतात. तो तुकडा तुमच्यासमोर नवा निघाला पाहिजे. ब्लेड बदलतात पण तुरटीचा खडा तोच राहतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. घरून आपला खडा न्यावा, किंवा नको म्हणावं. कारागीर रागावत नाही.

घरी शिकायचं असेल तर रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि ज्यांची जखम लवकर भरत नाही अशा मधुमेहींनी उघड्या पात्याच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी सुरुवात सुट्टीच्या दिवशी करावी. पहिले दोन आठवडे फक्त दोन्ही गाल, गळा त्यानंतर. हनुवटी आणि ओठ महिनाभर साध्या रेझरवर सोडा. आणि पातं उचलण्याआधी घड्याळ लावून तीन मिनिटं पाणी चोळा.